बॉबिन लेसची उशी कशी निवडावी? कोकणात राहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दर मे महिन्यात आमच्या पडवीत आठ-दहा जणी बॉबिन लेस, म्हणजे बरेच धागे हाताने एकमेकांत गुंफून करायची जाळीदार लेस, शिकायला बसतात. त्यात वेंगुर्ल्याच्या असतात, मालवणच्या असतात, सुट्टीला आलेल्या मुंबईकरणी असतात. धागा कुठला, नमुना कुठला हे सगळं नंतर येतं. पहिला फोन असतो तो उशीचा. वर्षानुवर्षं तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

क्रोशाला सुई पुरते, मग याला उशी कशाला?

क्रोशात धागा एक आणि सुई एक. बॉबिन लेसमध्ये धागे दहा-वीस, कधी शंभरावरही. प्रत्येक धाग्याचं टोक एका लाकडी दांडीवर गुंडाळलेलं असतं, ती दांडी म्हणजे बॉबिन. (शिलाई मशीनची चकतीसारखी बॉबिन वेगळी. पेन्सिलीएवढी बारीक, कातून काढलेली काडी डोळ्यांपुढे आणा.) बॉबिनी जोडीजोडीने चालतात आणि हाताच्या हालचाली दोनच: मधल्या दोन धाग्यांपैकी डावा उजव्यावरून टाकायचा तो ओलांडा, आणि प्रत्येक जोडीतला उजवा धागा डाव्यावरून घ्यायचा तो पीळ. बाकी साऱ्या विणी या दोनांतूनच निघतात.

पण विणलेलं जागेवर राहणार कसं? त्यासाठी टाचणी. उशीवर भोकं पाडलेला कागद लावतात. भरतकामवाल्या ज्याला खाका म्हणतात तोच हा, फक्त खडू घासण्याऐवजी त्याच्या प्रत्येक भोकात टाचणी रोवायची. धागे टाचणीभोवती वळतात, ताणले जातात, आणि पुढचं काम खाली सरकेपर्यंत टाचणीला तिथेच उभं राहावं लागतं. तेव्हा उशी म्हणजे या कामाची जमीन. तीच भुसभुशीत निघाली तर वर काय पीक येणार?

उशी किती कडक हवी?

तुम्हाला वाटतं त्याहून बरीच जास्त. नवशिकी बाई उशी पाहिली की आधी तिचं कापड बघते, मग आकार बघते. मी अंगठा दाबते. अंगठ्याच्या जोराने खळगा पडला आणि तसाच राहिला, तर उशी बाद.

दुसरी परीक्षा टाचणीची. टाचणी निम्म्यापर्यंत टोचा. ती ताठ उभी राहिली पाहिजे. आता तिच्या डोक्याला धागा अडकवून बाजूला ओढा, भरलेल्या दोन बॉबिनींच्या वजनाइतका. टाचणी वाकडी झाली आणि सोडल्यावर सरळ झाली नाही, तर त्या उशीवरच्या लेसची भोकं एका रेषेत येणार नाहीत. एक मिलिमीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण लेसमध्ये दोन टाचण्यांतलं अंतरच अडीच-तीन मिलिमीटर असतं. त्यातला एक गेला तर उरलं काय?

तिसरी परीक्षा कानाची. चांगल्या भुशाच्या उशीवर चापट मारली की नारळाच्या पोत्यावर मारल्यासारखा ठस्स आवाज येतो. फस्स असा आला तर आत हवा आहे.

पण कडक म्हणजे दगडही नव्हे. टाचणी आत जायला बोटाचं टोक दुखावं लागलं, तर तासाभरात तुम्ही काम गुंडाळाल. टाचणी जाताना बारीक कुरकुर व्हावी आणि गेल्यावर तिला घट्ट धरलं जावं, इतपत पुरे.

आकार किती प्रकारचे असतात?

नावं देशोदेशी वेगळी, पण घराणी ढोबळमानाने चार.

पहिली लांबट, आपल्या बैठकीच्या लोडासारखी. स्लोव्हेनिया, जर्मनीचा डोंगराळ भाग, रशिया, स्पेन, पोर्तुगाल या सगळ्यांकडे लोडच चालतो. स्लोव्हेनियातल्या इद्रियाची लेसशाळा १८७६ पासूनची, आणि तिथली बॉबिन लेस २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेली. तिथली वळणावळणाची नाजूक पट्टी लोडावरच घडते. माल्टात लोड बारीक आणि लांबलचक असतो. त्याला ‘त्रायबू’ म्हणतात, आणि तो भिंतीला तिरका टेकवून बायका समोर बसतात. लोडावर बॉबिनी लोंबतात, त्यामुळे ताण त्यांच्या वजनानेच मिळतो. हात हवेत, तळवे वरच्या बाजूला आणि बॉबिनी बोटांत खेळवायच्या, अशी पद्धत.

दुसरी गोल, मधोमध किंचित फुगीर. पुरणपोळी टम्म फुगून जराशी खाली बसली की जशी दिसते, तशी. बेल्जियम आणि इंग्लंडकडची. यावर बॉबिनी आडव्या पसरून ठेवतात आणि तळवे खाली ठेवून सरकवतात. मधला उंचवटा शोभेसाठी नाही. त्या उतारामुळेच बॉबिनी कडेकडे ओढ घेतात आणि धागा सैल पडत नाही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात होनिटन नावाची लेस होते. तिच्यासाठी हीच उशी लहान आणि जास्त घुमटाकार करतात, कारण तिथे फुलं-पानं सुटी विणून मग जोडायची असतात आणि उशी सारखी फिरवावी लागते.

तिसरी रोलरची. सपाट उशीच्या मधोमध खाच आणि त्यात फिरणारं गोल नळकांडं. त्याबद्दल पुढे सविस्तर, कारण साडीचा काठ करायचा म्हणणाऱ्यांना तीच लागते.

चौथी ठोकळ्यांची, ही अलीकडची. चौकटीत फोमचे चौकोनी ठोकळे बसवलेले असतात. काम खाली आलं की ठोकळे काढून पुन्हा वर लावायचे.

आपल्याकडे यातली कुठली उशी पूर्वीपासून आहे?

कोकणात अशी उशी पिढीजात चालत आलेली मी पाहिलेली नाही. आपल्याकडे क्रोशा आणि भरतकाम. दक्षिणेला मात्र नागरकोइलमध्ये १८२० च्या सुमारास मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी उशीवरची लेस शिकवायला सुरुवात केली. श्रीलंकेत गॉल आणि वेलिगामा भागात या लेसला ‘बीरलू’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज ‘बिल्रो’वरून आला, म्हणजे बॉबिन. आपलं घमेलं आणि चावी ज्या गलबतांतून आली त्याच वाटेने तोही आला. तिथली उशी लाकडी चौकटीत बसवलेली गोल लोडाची असते. पोर्तुगालमधली या लेसची नावाजलेली गावं पेनिश आणि व्हिला दो कोंद, दोन्ही मासेमारीची बंदरं. तिथे म्हण आहे की जिथे जाळी तिथे लेस. मालवणच्या किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करणाऱ्याची बोटं एकदा जवळून बघा, म्हणजे ती म्हण का पडली ते कळेल.

मग माझी पहिली उशी कोणती असावी?

टेबल-खुर्चीवर बसणार असाल तर गोल, मध्यम फुगीर, ४५ ते ५० सेंटिमीटर व्यासाची. जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असेल तर लोड. बाकीच्या चर्चेला पहिल्या वर्षी अर्थ नाही.

पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक गोल उशीवरचे असल्यामुळे सगळ्याजणी तिच्याच मागे लागतात. मला ते पटत नाही. आपल्या घरांत संध्याकाळी ओटीवर पाट टाकून बसणं सोपं असतं, आणि लोड पुढ्यात घेतला की मान फार वाकवावी लागत नाही. शिवाय लोडावर कागद गोल गुंडाळून लावता येतो, त्यामुळे लांब पट्टी न थांबता करता येते. गोल उशीवर दर वीतभर कामानंतर सगळं उचलून वर सरकवावं लागतं, आणि त्या उठाठेवीत नवख्या बाईच्या दोन-चार जोड्या हमखास गुंततात.

आत काय भरायचं?

इथे कोकणातल्या माणसाला युरोपचं ऐकून भागत नाही.

तिकडे जुन्या काळापासून धान्याचा चिरलेला पेंढा ठासून भरतात. आपल्याकडे पेंढा भाताचा. तो मऊ आणि लवकर चेपणारा. भरायचाच असेल तर विळीवर बोटाच्या पेरापेक्षाही बारीक चिरा, वैशाखाच्या उन्हात चार दिवस कडकडीत वाळवा आणि दरवेळी ठोकून भरा. महिन्याभरात तो बसतो, मग तोंड उसवून पुन्हा भरायचा. असं तीनदा केलं की ठीक होतो. पेंढ्याची उशी वजनाला हलकी, हा तिचा मोठा गुण.

लाकडाचा भुसा मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. सॉ मिलमध्ये पोत्याने मिळतो. दोन गोष्टी बघून घ्या. एक, तो बारीक करवतीचा असावा, रंध्याच्या साली नकोत. साली लवचिक असतात, टाचणी त्यांना अडून तिरकी जाते. दुसरं, तो ओल्या लाकडाचा नसावा. मुठीत आवळून सोडा. लाडूसारखा गोळा राहिला तर ओल आहे. रंग सोडणाऱ्या लाकडाचा भुसाही टाळा. फणसाचा भुसा दिसायला सुंदर पिवळा, पण ओलाव्यात तोच पिवळेपणा कापडावर उतरतो. माझ्या एका उशीला अजून हळदीचा हात लागल्यासारखा डाग आहे.

भाताचं तूस सगळीकडे फुकट मिळतं, म्हणून सगळ्याजणी विचारतात. नको. तुसाचे दाणे एकमेकांवरून घसरतात, कितीही ठोका, घट्ट बसत नाहीत आणि त्यांची टोकं कापडातून बाहेर येतात. कोंडा तर मुळीच नको. पहिल्याच वर्षी मी कोंड्याची छान जड उशी केली होती. गणपतीच्या आधी एका सकाळी खाक्यावर काळे ठिपके दिसले, म्हटलं पेन्सिलीचे असतील. ठिपके चालायला लागले. उशी उसवली तर आत पोरकिड्यांचं गाव वसलेलं.

सावरीचा कापूस झोपायला स्वर्ग, लेसला निरुपयोगी, टाचणी त्यात पोहते. काथ्याची लवचिकता पायपुसण्याला बरी. टाचणी धाग्याला अडते, बाजूला सरकते आणि तुम्ही टोचलं तिथे राहत नाही.

थर्मोकोल चालेल का?

शिकायला चालेल, सहा-आठ महिने. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्यातला जाड तुकडा मिळाला, पाच सेंटिमीटरच्या वरचा, तर त्याच्या कडा घासून गोल करा आणि वर कापड ताणून बसवा. झाली उशी. बारीक, दाट दाण्यांचा घ्या. मोठ्या दाण्यांच्या थर्मोकोलमध्ये टाचणी दोन दाण्यांच्या फटीत शिरते आणि हलते. पूर्वी गणपतीच्या मखरांमुळे दुकानात हवा तेवढा मिळायचा. २०१८ मध्ये महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हापासून खोक्यातल्या तुकड्यांवरच भागवावं लागतं.

त्याचा खरा दोष असा की पडलेलं भोक बुजत नाही. एकच नमुना तिथल्या तिथे चार वेळा केला की टाचण्या डुगडुगायला लागतात. पॅकिंगचा पांढरा, थरांचा, रबरासारखा चिवट फोम मिळाला तर तो थर्मोकोलपेक्षा बरा, टाचणीला धरून ठेवतो. मात्र पातळ शीट एकावर एक चिकटवताना गोंद शक्य तितका कडेला लावा. गोंद सुकून कडक झाला की टाचणी नेमकी तिथेच वाकते.

गादीवाल्याकडून करून घेता येईल?

येईल, पण त्याच्याजवळ बसून राहा. मी माझा पहिला लोड बाजारातल्या गादीवाल्याला सांगितला. दुपारी गेले तर त्याने छान गुबगुबीत तक्क्या करून ठेवलेला. म्हटलं, आणखी भरा. त्याने भरलं. अजून भरा. तिसऱ्यांदा त्याने सुई खाली ठेवली आणि म्हणाला, “ताई, यावर डोकं कोण ठेवणार?” म्हटलं, डोकं नाही, टाचण्या. त्याने माझ्याकडे पाहिलं ते अजून लक्षात आहे. देव्हाऱ्यासमोर लिंबू-टाचण्या करणाऱ्यांतली ही, असं वाटलं असणार. शेवटी मीच मुसळीच्या टोकाने भुसा ठोकत बसले आणि त्याने फक्त तोंड शिवून दिलं. आता तोच नव्या मुलींना सांगतो की भुसा तुम्ही ठोका, शिवतो मी.

घरी लोड करायची कृती सांगा.

लोड २० सेंटिमीटर व्यासाचा आणि ४५ सेंटिमीटर लांबीचा धरू.

आतल्या पिशवीला मांजरपाट घ्या, आधी धुऊन आटवलेलं. आटवलं नाही तर पहिल्या दमट दिवसात शिवण कुठेतरी ताणेल, कुठेतरी सैल पडेल. घेरासाठी कापड ६६ सेंटिमीटर रुंद, म्हणजे शिवणीला तीन सुटतात. दोन्ही टोकांना गोल चकत्या, आणि चकतीच्या आतून जाड पुठ्ठा लावा म्हणजे टोकं फुगून भोपळ्यासारखी होणार नाहीत. शिवण दुहेरी, बारीक टाक्याची. भुसा मोठ्या टाक्यांतून पिठासारखा गळत राहतो आणि तुमच्या पांढऱ्या धाग्यावर बसतो.

एक तोंड उघडं ठेवून भरायला लागा. सुटा भुसा सुमारे दोन बादल्या लागतो आणि पूर्ण लोड चार किलोच्या आसपास जातो. एकदम ओतू नका. दोन ओंजळी, मग ठोकणं, पुन्हा दोन ओंजळी. ठोकायला मुसळी, वरवंटा, काहीही चालेल. मात्र कडेला जास्त ठोका, कारण भुसा मधे घट्ट होतो आणि शिवणीलगत पोकळ राहतो. भरत आला की लोड उभा आपटा, रात्रभर तसाच ठेवा, सकाळी आणखी अर्धी बादली जाते. मग तोंड शिवा. त्या शेवटच्या शिवणीला दाभण आणि दुसऱ्या माणसाचे गुडघे लागतात.

माझ्या शेवटच्या लोडाला कापड, भुसा, शिलाई सगळं मिळून तीनेकशे रुपये पडले. खांदे दोन दिवस दुखले ते वेगळं.

वरचं कापड कोणतं?

गडद निळं किंवा गडद हिरवं सुती पॉपलिन. पांढरा धागा त्यावर उठून दिसतो आणि डोळ्यांना थंड वाटतं. लाल नको, रात्री दिव्याखाली डोळे चुरचुरतात. मखमल, टेरिकॉटची गुळगुळीत कापडं, जरीचं काही, सगळं बाद. मखमलीची लव धाग्यात अडकते, गुळगुळीत कापडावरून बॉबिनी घसरून जमिनीवर. नवं कापड असेल तर मिठाच्या पाण्यात दोनदा धुऊन रंग जातो का बघा. खोळ काढता येईल अशी करा, नाडीची. आणि काम झाकायला तशाच कापडाचे दोन रुमाल हवेत. एक हाताखाली पसरायला, एक काम ठेवताना वरून टाकायला.

पावसाळ्यात काय करायचं?

हा खरा प्रश्न. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून आपल्याकडे पापड नरम पडतात, मीठ पाझरतं, कपाटातल्या चपला हिरव्या होतात. चार किलो भुसा त्यातून सुटेल कसा?

मृगाच्या आधी उशीला कडक उन्हं दाखवा, खोळ काढून, दोन्ही बाजूंनी. मग ती जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायची नाही. मधल्या खोलीत, उंचावर, चारी बाजूंनी हवा लागेल अशी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. ओल आत कोंडली की आठवड्यात बुरशी येते. जुन्या सुती साडीत गुंडाळा आणि घडीत वेखंडाचे दोन तुकडे टाका. चुलीवरचा माळा कोरडा असतो हे खरं, पण तिथे उशी ठेवलीत तर धुराने कापड आणि कापडावरचा धागा दोन्ही पिवळे पडतील. श्रावणात मधेच ऊन पडतं, तेव्हा बाकीची कामं टाकून उशी अंगणात न्यावी. अर्धा तास का होईना.

उशीला कुबट वास यायला लागला तर वरून अत्तर-कापूर करत बसू नका. उसवा, भुसा बाहेर काढा, बुरशीचा गठ्ठा फेका, उरलेला वाळवा. फोमच्या उशीला यातलं काही लागत नाही, हे तिच्या बाजूने कबूल करायला हवं. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं घर खाडीला लागून आहे, भिंतीला हात लावला तर ओला येतो. त्यांना मी भुसा सुचवतच नाही.

टाचण्या गंजतात, त्यात उशीचा दोष असतो का?

अर्धा. ओलसर भुशात टाचणीचं टोक गंजतं, आणि टाचणी उपटताना तो गंज धाग्यावर उतरतो. भाचीच्या बारशाला कुंचीसाठी मी लेस केली होती, चार बोटं रुंद. जुलैत सुरू केली, मधे घरात आजारपण निघालं आणि काम पाच आठवडे टाचण्यांसकट तसंच राहिलं. उरकून टाचण्या काढल्या तर कडेच्या प्रत्येक भोकाशी चहाच्या थेंबासारखा तांबूस ठिपका. लिंबू लावलं, ऊन दिलं, फिके झाले पण गेले नाहीत. बारशाला कुंचीवर विकतची लेस लागली.

तेव्हापासून नवी डबी आणली की दोन टाचण्या मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसात रात्रभर ठेवते. सकाळी कापूस तांबूस दिसला तर ती डबी कागद टाचायला. पितळी टाचण्या तांबूस गंजत नाहीत, पण खाऱ्या हवेत हिरवट पडतात, त्या अधूनमधून पुसाव्या लागतात. स्टेनलेस स्टीलच्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. लांबी २६ ते ३० मिलिमीटर. यापेक्षा आखूड टाचणी बॉबिनींच्या ओढीने वर येते. आणि पावसाळ्यात काम अर्धवट टाकायचं नाही. सुरू केलं ते आठवड्यात संपेल एवढंच घ्या.

लोड गडगडतो, त्याला काय करू?

चुंबळ. पाण्याची कळशी डोक्यावर घेताना करतात तशी, जुन्या साडीची, पण गोल न वळता सरळ दोन वळकट्या करा आणि पाटावर लोडाच्या दोन्ही बाजूंना ठेवा. रुंद तोंडाची बांबूची टोपलीही उत्तम. त्यात लोड अर्धा बसतो आणि हवा तसा फिरवता येतो. सुताराकडून स्टँड करून घेणार असाल तर तुमच्या बैठकीची उंची मोजून न्या. काम छातीच्या जरा खाली यायला हवं. मान दुखते म्हणून उशी बदलणाऱ्या निम्म्या जणींना खरं तर फक्त पाटाखाली वीट हवी असते.

साडीला काठ करायचा आहे. कोणती उशी?

साडी साडेपाच मीटर. गोल उशीवर ते करायला बसाल तर काम वर सरकवण्यातच जीव जाईल. लोड किंवा रोलर घ्या. रोलरचा हिशेब मात्र आधी करा, कारण खाक्याची दोन टोकं फिरून एकमेकांना अशी भिडली पाहिजेत की नमुना मधे तुटू नये. समजा रोलरचा व्यास १२ सेंटिमीटर. घेर झाला साधारण ३७.७. तुमच्या नमुन्याची एक आवृत्ती अडीच सेंटिमीटरची असेल तर १५ आवृत्त्यांचे ३७.५ होतात, दोन मिलिमीटर कमी पडतात आणि टोकं जुळत नाहीत. रोलर बारीक करता येत नाही, जाड करता येतो. तेव्हा १६ आवृत्त्या धरा, म्हणजे ४० सेंटिमीटर. त्यासाठी रोलरवर सगळीकडून साधारण ३.७ मिलिमीटर जाडीचं काहीतरी गुंडाळायचं. जुनं घोंगडं किंवा फ्लॅनेल ताणून गुंडाळा, फीत लावून मोजा, मग खाका लावा.

आणि पहिलाच काठ अख्ख्या साडीचा धरू नका. आधी ताटावरच्या रुमालाला करा. माझ्या हाताने बारीक पट्टी संध्याकाळी वीतभर होते, तीही लाइट गेली नाही तर. त्यावरून साडीच्या किती संध्याकाळी ते मोजा.

बॉबिनी आणि उशी यांचा काही मेळ असतो का?

असतो. इंग्लिश पद्धतीच्या बॉबिनींच्या टोकाला तारेत ओवलेले मणी असतात, त्यामुळे त्या सपाट उशीवर लोळत नाहीत आणि वजनही मिळतं. त्याच लोडावर लोंबवल्या तर मणी एकमेकांत अडकून कटकट होते. लोडाला बिनमण्याच्या, खाली जाडसर बॉबिनी बऱ्या. सावंतवाडीत लाकडी खेळणी कातणाऱ्या कारागिरांना नमुना दाखवून करून घेता येतात. फक्त रंग-लाख नको म्हणून सांगा, आणि सगळ्या एका वजनाच्या हव्यात हे दोनदा सांगा.

ऑनलाइन मागवू का?

परतीची सोय असेल तर मागवा. फोटोत कडकपणा दिसत नाही. मी एकदा मागवलेली उशी दिसायला देखणी होती, अंगठा दाबला तर पार मनगटापर्यंत गेला असता. विकणाऱ्याचं म्हणणं, वापरून घट्ट होते. उशी वापरून सैल होते, घट्ट नाही.

गाडीतून नेता येईल अशी कोणती?

फोमची गोल, ३५ सेंटिमीटरची. एसटीत मांडीवर मावते. भुशाचा लोड तुतारी एक्सप्रेसमध्ये घेऊन दादरला गेलेली आहे मी. शेजारच्या काकांनी पनवेलपर्यंत विचारलं नाही आणि पनवेलला विचारलं की आत काय आहे.

घरात मांजर आहे.

मग झाकण्याचा रुमाल नको, झाकायला मोठी टोपली घ्या. मांजराला कडक उशी आवडत नाही हा समज खोटा आहे.

उशी किती वर्षं टिकते? खळगे पडले तर?

भुशाची नीट सांभाळली तर दहा-बारा वर्षं सहज. तुम्ही नेहमी एकाच जागी काम करता, म्हणून तिथेच खळगा पडतो. दर नव्या कामाला उशी थोडी फिरवा, लोड उलटा करा. खळगा पडलाच तर टोकाची शिवण चार बोटं उसवून, लाकडी उलथन्याच्या दांड्याने नवा भुसा नेमका त्या जागी सारा आणि बाहेरून थोपटा. उसवाल त्या दिवशी आतून काय काय निघेल सांगता येत नाही. माझ्या जुन्या लोडातून मागच्या मे महिन्यात मोडक्या टाचण्यांची सतरा टोकं निघाली, आणि एक सुई, जी मी शेजारणीने नेली असं तीन वर्षं समजत होते.